प्लसच्या खांद्याशी मायनस

३ फेब्रुवारी, सोमवार

नर्सबाईंनी एक छापील तक्ता दिला आहे. पिल्लांनी किती खाल्लं, किती पाणी प्यायली, वाळूच्या ट्रेमध्ये किती वेळा गेली, एवढंच त्यात भरायचं. तो त्यांना दाखवायचा आहे. ही वही कुणालाच दाखवायची नाही, त्यामुळे इथे मनात येईल ते लिहिणार.

पिल्लं साडेअकराला आली. नर्सबाई पस्तीस वर्षं इस्पितळात होत्या. आता घरातल्या एका खोलीत टाकून दिलेली मांजरं वाढवतात आणि चांगलं घर मिळालं की देऊन टाकतात. ही दोघं भाऊ-बहीण, तीन महिन्यांची, एका बंद गोदामात खोक्यात सापडलेली. बाईंनी टोपली खाली ठेवायच्या आधीच नियम सांगितला. "ही जोडी आहे. ठेवायची तर दोघं, नाहीतर एकही नाही. अठरा तारखेला मी घर बघायला येईन. पटलं तर कागदावर सही करीन, नाही पटलं तर दोघांना घेऊन जाईन. रडारड चालणार नाही." शेवटचं वाक्य माझ्याकडे बघून होतं.

मला एक मांजर हवं होतं, यांना एकही नको होतं, आणि आली दोन. आमच्याकडे बरेच निर्णय असेच होतात. लेक लग्न होऊन गेली त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून घरात बोलायला हेच, आणि हे कामापुरतं बोलतात. माझ्या तोंडाची टकळी चालू असते, पण टकळीला कुणीतरी उत्तर द्यावं असं वाटतंच ना.

टोपली उघडली तर आत दोन पिल्लं दिसेचनात. एकच गोळा होता, अर्धा भुरा, अर्धा राखाडी, आणि तो एका लयीत वर-खाली होत होता. कुणाचा पाय कुठला ते कळेना. दोन जीव एकच श्वास घेत होते म्हटलं तरी चालेल. मी किती वेळ वाकून बसले होते कोण जाणे, खालून यांची हाक आली तेव्हा भानावर आले. मग भुरा उठला आणि ताठ मानेने बाहेर आला. राखाडी आधी मागे सरकली, मग घाईघाईने त्याच्याजवळ गेली. हे वर आले, एकदा बघितलं आणि म्हणाले, "हा प्लस, ती मायनस." चष्म्याचं दुकान आमचं, दुसरं काय सुचणार. खाली दुकान, वर घर, मध्ये चौदा पायऱ्या. हे पुढे बसून लोकांचा नंबर काढतात, मी मागच्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवते. एकतीस वर्षं असंच चाललं आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार

प्लस म्हणजे एक वल्ली आहे. पहिल्या दिवशी त्याने खोलीला भिंतीभिंतीने चक्कर मारली, जमीन मोजायला आलेल्या माणसासारखी. दोनदा, तीनदा. चौथ्यांदा सरळ मधून चालत आला आणि खुर्चीवर उडी मारली. एवढासा जीव, नखं सुईच्या टोकाएवढी, आणि छाती वाघाची.

मायनस बिचारी त्याला सोडून एक पाऊल टाकत नाही. त्याच्या खांद्याला खांदा लावून, अर्धं पाऊल मागे, आणि सारखं घशातल्या घशात 'म्रर्र, म्रर्र'. लेकीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "आई, हे तर तुझंच रूप. तूपण बाबांच्या मागे अशीच बडबडत फिरतेस." कार्टीने बरोबर पकडलं. हे चालतात झपाझप, मागे वळून बघत नाहीत, आणि मी आपली मागून धावत. 'अहो, पायरी आली', 'अहो, सायकल येतेय', 'अहो, ते शेजारचे तुमच्याकडे बघून हसतायत'. माणसाला सवय लागते.

प्लसचे डोळे मात्र बघत राहावेत असे आहेत. बाहुल्या एवढ्या मोठ्या की रंगाची नुसती कड उरते. भर उन्हात खिडकीत बसला तरी तशाच काळ्याभोर.

यांची आज चिडचिड झाली. वाळूच्या ट्रेला जागा करायला मी स्टूल वीतभर सरकवलं, यांची नडगी त्यावर आपटली. "घरातली वस्तू हलवायची तर सांगायचं," म्हणाले आणि दिवसभर धुसफुसत राहिले. आताशा काही जागचं हललं की घर डोक्यावर घेतात. वय झालं की माणूस हट्टी होतो, आणि यांना तर आधीपासूनच सराव होता.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

दुकानात आज लाज वाटली. दोन वर्षांपूर्वी यांनीच सांगितलं होतं, गिऱ्हाईक दारात आलं की नाव घेऊन मोठ्याने स्वागत करत जा, लोकांना बरं वाटतं. तेव्हापासून काम करताना माझा एक डोळा दारावर असतो. "या डॉक्टरीणबाई", "या पोस्टमन, चष्मा तयार आहे तुमचा". आज मशीन चालू होतं, माझं लक्ष नव्हतं. शाळेतले मास्तर आले आणि यांच्या उजव्या बाजूला उभं राहून त्यांनी हात पुढे केला. हे सरळ समोर बघत बसलेले. मास्तरांचा हात हवेत. मी बाहेर येऊन "या मास्तर" म्हणाले तेव्हा कुठे यांनी मान वळवली.

मास्तर गेल्यावर मी म्हटलं, "एवढा कसला तोरा?" यांनी ड्रॉवरमधून थेंबांची बाटली काढली, दोन्ही डोळ्यांत थेंब टाकले आणि डोळे मिटून बसले. डोळे कोरडे पडतात म्हणून गेली काही वर्षं ते थेंब चालू आहेत.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज काही विशेष नाही, तरी लिहिते आहे. दुपारी दोघं खिडकीत झोपली होती. मायनसने झोपेतच पुढचा पाय लांब करून प्लसच्या पाठीवर ठेवला. तो पाय सरकला की प्लस जागा व्हायचा. पाय परत ठेवला की झोपायचा. असं पाच-सहा वेळा झालं. कुणी शिकवलं असेल यांना? आई तर यांनी धड पाहिलीही नाही. मी कपड्यांच्या घड्या घालायच्या सोडून बघत बसले आणि उगाच डोळ्यांत पाणी आलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

वाईट दिवस. हे वरून खाली निघाले होते, जिन्याच्या तोंडाशी मायनस यांच्या पायात आली. कठडा धरला म्हणून वाचले, नाहीतर चौदाही पायऱ्या गेले असते. ती किंचाळून पळाली. हे पायरीवर बसून राहिले. यांना इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नाही. लेक झाली तेव्हाही नाही.

"अठरापर्यंत थांबायची गरज नाही," म्हणाले. "बाईंना बोलावून घे. घेऊन जाऊ देत."

मी म्हटलं, "अहो, समोर तर होती. बघून चालायचं ना."

त्यावर हे उठले आणि कठडा धरून खाली गेले.

नंतर मी जे बोलले ते इथे लिहायलाही लाज वाटते. पण खोटं लिहायचं तर वही कशाला? मी म्हटलं, प्लस कुठे कुणाच्या पायात येतो? तो आपल्या रस्त्याने जातो. पायात घोटाळते ती मायनस. बाईंना गळ घालू, एकीला घेऊन जा म्हणू. प्लस धीट आहे, त्याला कुणाची गरज नाही. दोन दिवस वेगळं ठेवून बघू, जमलं तर बाईंना तसं दाखवता येईल.

यांनी उठून जिन्याकडचं दार लावलं. मग म्हणाले, "बघ तुला वाटतं तसं."

१२ फेब्रुवारी, बुधवार

सगळं नीट लिहायचं आहे, नाहीतर पुढे माझाच विश्वास बसणार नाही.

सकाळी नऊला मायनसला टोपलीत घालून खाली माझ्या खोलीत आणलं. प्लस वर, दार बंद, शेजारी खाणं-पाणी. मला वाटलं होतं ती रडून गोंधळ घालेल. रडली नाही. टोपलीच्या जाळीला नाक लावून जिन्याकडे तोंड करून बसली आणि थोड्या थोड्या वेळाने 'म्रर्र' करायची. मग कान टवकारून थांबायची. उत्तर येत नाही म्हटल्यावर पुन्हा 'म्रर्र'. खाण्याला तोंड लावलं नाही. सकाळभरात मी तीन काचा घासल्या, त्यातली एक बिघडवली.

दीडला दुकान बंद करून आम्ही दोघं वर गेलो. दार उघडलं. प्लस सतरंजीच्या मधोमध बसलेला होता. मी सकाळी त्याला जिथे खाली सोडलं होतं, तिथेच, तसाच. साडेचार तास. खाण्याची वाटी दोन हातांवर, तिला स्पर्श केलेला नाही. त्याच्याखालची सतरंजी ओली होती. छाती वाघाची म्हटलं होतं मी. तो वाघ अंग चोरून, चारही पाय पोटाशी घेऊन बसला होता.

मी पुढे होणार तर यांनी हाताने अडवलं. दारातच उभे राहून त्याच्याकडे बघत राहिले. मग सावकाश, आवाज न करता, त्याच्यापुढे उकिडवे बसले आणि त्याच्या तोंडासमोरून हात फिरवला. प्लस हलला नाही. यांचा गुडघा वाजला तशी त्याची मान वळली. हाताकडे नाही, गुडघ्याकडे.

"याला दिसत नाही," हे म्हणाले.

मी म्हटलं, "काहीतरीच काय."

"मान बघ त्याची. तो बघत नाहीये, ऐकतोय."

खालून टॉर्च आणला. एका डोळ्यात प्रकाश टाकला, मग दुसऱ्या. बाहुल्या जशाच्या तशा. आकुंचन नाही, काही नाही. दिवस दिवस मी ज्या काळ्याभोर डोळ्यांचं कौतुक करत होते, ते उजेडाला उघडेच नव्हते. दहा दिवस झाले. दोन माणसं, एकतीस वर्षं लोकांचे डोळे बघण्यात गेलेली, आणि घरातलं आंधळं पिल्लू ओळखू आलं नाही. कुणाला सांगायची सोय नाही. पण एक आहे, आमच्याकडे ज्याला दिसत नाही तो स्वतः येऊन सांगतो. न सांगणाऱ्याचा नंबर काढायची आम्हाला सवयच नाही.

मी धावत जाऊन मायनसला आणलं. टोपली उघडल्याबरोबर ती बाणासारखी त्याच्याकडे गेली, त्याच्या खांद्याला खांदा लावला आणि म्हणाली, 'म्रर्र'. प्लस उठला. अंग झाडलं. आणि निघाला की चालायला, तोच तो ताठ मानेचा प्लस. ती त्याच्या उजव्या खांद्याशी, अर्धं पाऊल मागे. टेबलाच्या पायाजवळ आला तसा तिचा आवाज बदलला, थोडा बारीक झाला, तो डावीकडे वळला. वाटीशी आल्यावर दोन छोटे आवाज. तो थांबला, मान खाली घातली, खायला लागला. ती बाजूला उभी राहिली. त्याचं पोट भरल्यावर मग तिने तोंड लावलं.

मी जमिनीवर फतकल मारून बसले. तिला पायात घोटाळणारी म्हणत होते मी. ती त्याच्या मागे मागे करत नव्हती, त्याला घेऊन जात होती. आणि तो पुढे चालतोय असंच जगाला दिसत होतं, मलाही दिसत होतं. एवढ्याशा कवटीत, आवळ्याएवढा मेंदू असेल नसेल, आणि त्यात हे सगळं कुठून आलं? मला देवाधर्माचं फारसं काही नाही, पण आज हात आपोआप जोडले गेले.

यांच्याकडे बघितलं तर हे भिंतीला टेकून बसले होते आणि यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मांजर नको म्हणणारा माणूस. एवढं मन लावून घेतील असं वाटलं नव्हतं.

परत द्यायचा विषय मी काढला नाही. यांनीही काढला नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

प्राण्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. तरुण आहेत, बोलायला मोकळे. म्हणाले, डोळ्यांच्या मागचा पडदा खराब आहे, औषध नाही, पण बाकी तब्येत उत्तम. नजर एकदम गेली नसावी, हळूहळू गेली असावी, म्हणून तर त्याने सगळं पाठ करून घेतलंय. सामान हलवू नका आणि दोघांना वेगळं करू नका, एवढंच पथ्य.

निघताना यांनी डॉक्टरांना भलताच प्रश्न विचारला. "तिला माहीत असेल का, त्याला दिसत नाही ते?"

डॉक्टर हसले. "तिला कुठे काय माहीत, काका. ती आपली त्याच्याबरोबर चालते. तो अडखळला तर आवाज करते. तिच्या लेखी भाऊ असाच असतो."

रिक्षात बसल्यावर यांनी माझ्या हातातली टोपली स्वतःच्या मांडीवर घेतली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

हे कामाला लागले आहेत. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पांढरीशुभ्र पट्टी चिकटवली. "प्लससाठी," म्हणाले. मी म्हटलं, "अहो, आंधळ्या मांजराला पांढरी पट्टी कशाला?" तर म्हणाले, "दुकानातून वर येणाऱ्यांनाही बरं पडतं." वर दुकानातलं कोण येतं? जिन्यातला दिवा बदलून दुप्पट उजेडाचा लावला. असू दे. निदान परत द्यायची भाषा नाही.

एक मात्र नवीन खूळ. घरात सपाता फरफटत चालायला लागले आहेत, खस्स खस्स. जन्मभर झपाझप चालणारा माणूस, लोक म्हणायचे तुमचा नवरा चालताना तरुण दिसतो. आज मी सांगितलं, पाय उचलून चाला, ऐकवत नाही. म्हणाले, "आवाज आला की तो बाजूला होतो." ते खरं आहे. दोन दिवसांत प्लस ते शिकला. मायनस एक 'म्रर्र' करते आणि दोघं भिंतीकडे सरकतात. यांच्या वाटेतून.

लेकीला फोन केला. तिला आधी वाटलं मी वाढवून सांगतेय. मग म्हणाली, "आई, बाबांना दे." बाबा फोनवर अर्धा तास बोलले. मी मोजला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आता संध्याकाळ आहे. सकाळी काय झालं ते उतरवून ठेवते.

नर्सबाई दहाला आल्या. मी प्लसचं सांगितलं, टॉर्चचं, डॉक्टरांचं, सगळं. बाईंचा चेहरा पडला. "माझ्या हातून हे सुटलं," म्हणाल्या. "लहान खोली होती, ही सारखी त्याच्याजवळ असायची. मला वाटलं तो पुढारी आहे." मी म्हटलं, आम्हालाही तेच वाटलं. मग त्यांनी कागद काढला आणि एकेक प्रश्न विचारायला लागल्या. खिडक्यांना जाळ्या आहेत का? आहेत. दोघं बाहेर गेलात तर कोण बघणार? शेजारच्या काकू. प्रत्येक उत्तरापाशी थांबून सगळं लिहून घेत होत्या.

"घरात कुणाला नजरेचा त्रास? चष्मेवाल्यांच्या घरात काय विचारायचं म्हणा."

"आहे," हे म्हणाले. "मला."

मी हसले. मला वाटलं यांना आज विनोद सुचला. मी खरंच हसले, मोठ्याने, आणि ते हसू मला आयुष्यभर ऐकू येणार आहे.

"काचबिंदू आहे," हे म्हणाले. बाईंशी बोलत होते, माझ्याकडे बघत नव्हते. "सहा वर्षं झाली. समोरचं दिसतं, अक्षर न् अक्षर दिसतं, म्हणून धंदा चालला. बाजूचं गेलं. खालचंही बरंच गेलं. नळीतून बघावं तसं आहे. थेंब चालू आहेत, त्याने जाण्याचा वेग कमी होतो, गेलेलं परत येत नाही. संध्याकाळी मला जवळजवळ काहीच दिसत नाही."

मला पुढचं थोडा वेळ नीट ऐकू आलं नाही. मास्तरांचा हवेतला हात दिसत होता. स्टूल. जिना. 'बघून चालायचं ना' असं मी या माणसाला म्हटलं होतं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "माफ करा," म्हणाल्या, "मग मी यांना इथे ठेवणार नाही. पिल्लाला दिसत नाही आणि घरातल्या माणसाला पायाखालचं दिसत नाही. आरामखुर्चीखाली चिरडून गेलेलं एक पिल्लू मी माझ्या हाताने पुरलंय. दुसरं पुरायची माझी ताकद नाही." आणि टोपली पुढे ओढली.

मी रडारड न करणाऱ्यांतली नाही. पण आज डोळ्यांतून टिपूस आलं नाही की तोंडातून शब्द फुटला नाही. एवढी बोलणारी मी.

"दोन मिनिटं थांबाल?" हे म्हणाले आणि उठले. सपाता घातल्या. दोन्ही पिल्लं खोलीच्या मधोमध, उन्हाच्या तुकड्यात एकमेकांत गुरफटून झोपली होती. हे कपाटापासून खिडकीकडे निघाले, बरोबर त्यांच्या रोखाने. परक्या बाईसमोर, पाय घासत, खांदे वाकवून, खस्स खस्स. ज्या चालीचा यांना अभिमान होता ती चाल यांनी तिथे कपाटाजवळ सोडून दिली. म्हातारा, अधू माणूस चालतो तसे चालत होते. नजर सरळ समोर, कारण खाली बघून उपयोग नव्हता.

बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. मायनसचा कान हलला. एक 'म्रर्र'. प्लसने डोकं वर केलं, यांच्या पावलांकडे कान केला, आणि दोघं उठून दोन पावलं बाजूला झाली. घाई नाही, घबराट नाही. हे त्या जागेवरून पुढे गेले. मागून दोघं परत उन्हात येऊन पसरली. खिडकीशी पोचून हे वळले आणि परत आले. पुन्हा 'म्रर्र', पुन्हा वाट मोकळी. असं चार वेळा. शेवटच्या खेपेला प्लस बाजूला तर झालाच, पण यांच्या पायाला पाठ घासून गेला, ओळख द्यावी तशी.

मी कधी एवढं मोठं काही पाहिलेलं नाही, आणि बघायला गेलं तर काय, एक माणूस खोलीत इकडून तिकडे गेला.

बाईंनी चष्मा काढून पुसला. मग टोपली पायाने मागे सारली. "हे चालणं बदलायचं नाही," म्हणाल्या. "कुणी काही म्हटलं तरी."

"नाही," हे म्हणाले.

बाईंनी सही केली. कागद यांच्या डाव्या हाताशी ठेवला, यांना तो दिसला नाही. "केली का सही?" यांनी हळूच मला विचारलं. मी म्हटलं, केली. "दोघांची?" दोघांची.

त्या गेल्यावर मात्र मी भांडले. पिल्लं राहिल्याचा आनंदही होऊ देईना असा राग आला होता. सहा वर्षं. शेजारी झोपणाऱ्या बाईला सांगितलं नाही, आणि छापील कागद घेऊन आलेल्या बाईला सांगितलं. हे ऐकून घेत होते. मग म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर तू हात धरून चालवायला लागली असतीस. तू नुसती बोलत होतीस, तेच बरं चाललं होतं."

"मी काय बोलत होते? वाट्टेल ते बोलते मी."

"तेच," म्हणाले.

मला ते अजून पुरतं समजलेलं नाही. मी काय केलं? बडबड केली. ती तर मी माहेरीही करायची.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज डोळ्यांच्या मोठ्या इस्पितळात वेळ घेतलेली होती. इतकी वर्षं हे एकटेच जायचे, मला सांगायचे फ्रेमचा माल बघायला चाललोय. आज मीही जाणार होते. डॉक्टरांना विचारायला प्रश्नांची यादी केली होती, सतरा झाले.

पिल्लांना खाणं घातलं, दार ओढलं, खाली निघालो. हे पुढे, मी मागे. आणि माझं तोंड उघडेना. 'पायरी' म्हणावं तर वाटलं, आता ते आंधळ्याला वाट दाखवल्यासारखं होईल, यांना लागेल. न म्हणावं तर पडतील. हात धरावा तर यांनी आधीच सांगून ठेवलंय. मी गप्प, जिना गप्प. तिसऱ्या पायरीवर हे थांबले.

कठडा धरून उभे राहिले, मागे न वळता. "काय गं," म्हणाले, "बोलत का नाहीस?"

"काय बोलू?"

"काहीही. रोजचं बोल."

मी खाकरून सुरुवात केली. म्हटलं, पोस्टमनचा चष्मा तिसऱ्यांदा मोडलाय, त्याच्या नातवाने त्यावर बसून घेतलं. शेजारच्या काकू मायनसला नुसतं भेटायला म्हणून येतात आणि तासभर उठत नाहीत. लेकीला आता दोन मांजरं हवी आहेत, जावई हो म्हणायचा बाकी आहे. अहो, दाराशी कुणाची तरी चप्पल आडवी पडलीये. आणि काल ती सतरंजी तीनदा धुतली तरी वास जात नाही.

मी बोलत राहिले आणि हे माझ्यापुढे झपाझप उतरले.